तिसरं दरपत्रक

माझ्या गाडीला छप्पर नाही, असं आमच्या इमारतीत सांगितलं जातं. हे धादांत खोटं आहे. छप्पर आहे. चांगलं काळ्या कापडाचं, बटण दाबलं की घडी होऊन मागे जाणारं छप्पर आहे. फक्त गेली दोन वर्षं ते निम्म्यावर जाऊन थांबतं आणि तिथेच उभं राहतं, बाबागाडीच्या छत्रीसारखं. त्यामुळे इमारतीतली मुलं तिला बाबागाडी म्हणतात, आणि मुलांचं ऐकून मोठी माणसंही म्हणायला लागलीत. वास्तविक ती दोन माणसांची, लाल, बसकी, उघडी स्पोर्ट्स कार आहे. खरेदी विभागातल्या एका वरिष्ठ सहायकाकडे ती कशी आली हा स्वतंत्र विषय आहे आणि त्यावर आमच्या घरात चर्चेला बंदी आहे.

तर बढतीचा निकाल लागला त्या दिवशीची गोष्ट. आमच्याकडे विभागप्रमुखाची जागा भरताना तीन नावं वर पाठवावी लागतात. नियमच आहे. पहिलं नाव ज्याला घ्यायचं ठरलेलं असतं त्याचं, दुसरं तो नाही म्हणाला तर असावं म्हणून, आणि तिसरं माझं. असं आजवर चार वेळा झालंय. प्रत्येक वेळी नावासोबत आपल्या कामाचा अहवाल जोडावा लागतो. पहिल्या वेळी मी नऊ पानं लिहिली होती, तीही समासासकट. यावेळी ‘मागीलप्रमाणे’ एवढा एक शब्द लिहिला आणि खाली सही ठोकली. वाचतंय कोण?

यावेळी जो विभागप्रमुख झाला, त्याला फाइलला भोक कुठे पाडायचं हे मी शिकवलंय. आता ते साहेब. मी मनातल्या मनात त्यांना धाकटे साहेब म्हणतो आणि ते मला सगळ्यांसमोर ‘काका’ म्हणतात. त्या संध्याकाळी मी ताठ मानेने ऑफिसच्या आवारात आलो. कोणाला वाटायला नको की हा माणूस खचलाय, म्हणून ऐटीत बसलो आणि छपराचं बटण दाबलं. छप्पर निम्म्यावर गेलं आणि उभं राहिलं. मी परत दाबलं. ते कण्हलं. मी इरेला पेटलो आणि दाबतच राहिलो, शेवटी बॅटरी उतरली आणि गाडी ठप्प झाली. सगळं ऑफिस सुटत होतं. धाकट्या साहेबांनी कोट काढला, बाह्या सरसावल्या आणि म्हणाले, “काका, तुम्ही बसा. आम्ही ढकलतो.”

विभागप्रमुख म्हणून त्यांनी केलेलं पहिलं काम म्हणजे मला ढकलणं.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये कोणीतरी “बाबागाडी कशी आहे?” विचारलं आणि माझी जीभ घसरली. म्हटलं, “विकतोय. पुढच्या महिन्यात आपलं वार्षिक संमेलन आहे ना, त्या दिवशी नव्या गाडीतून उतरतो की नाही बघा!” उचलली जीभ लावली टाळ्याला. एकदा तोंडातून गेलं ते गेलं. नाही आणली नवी गाडी, तर निवृत्तीपर्यंत तोंड लपवून जिन्याने ये-जा करावी लागली असती.

गाडी घेणं अवघड नव्हतं. घराचे हप्ते फिटले होते, मुलगी स्वतःच्या पायावर उभी होती. अडचण एकच, कोणती घ्यायची? आमच्या गाडीच्याच कंपनीचं नवं मॉडेल आलं होतं. म्हणजे आहे तेच, पण सुधारून. आणि तिच्या समोर उभी ठाकलेली दुसऱ्या कंपनीची गाडी होती, जिच्यामुळे म्हणे आमच्या कंपनीची झोप उडाली होती. नव्या मॉडेलचं छप्पर बारा सेकंदांत उघडतं. दुसरीचं नऊ.

मी ही अडचण जिन्यात बोललो ही पहिली चूक. आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त प्राचार्य राहतात. त्यांना कोणी काही विचारत नाही, त्यामुळे ते सगळ्यांना सगळं सांगतात. त्यांनी माझी पिशवी स्वतःच्या हातात घेतली, म्हणजे मी पळून जाऊ नये, आणि म्हणाले, “तीन सेकंदांत माणूस किती भिजतो, याचा विचार केलात का?”

“नाही केला.”

“करा. आणि दुसरं, या वयात एवढ्या खाली बसायचं म्हणजे उठायचं कसं, याचाही करा. आणि रंग लाल नको. लाल रंगाच्या माणसाला लोक जागा देत नाहीत.”

“गाडीला म्हणायचंय का तुम्हाला?”

“तेच ते,” असं म्हणून त्यांनी पिशवी परत दिली.

बायकोला विचारलं. ती मोठ्या दवाखान्यात मेट्रन आहे. तिच्या हाताखाली चाळीस नर्सा आहेत आणि घरी मी. ती चादरीची घडी घालत म्हणाली, “अहो, झालंय काय त्या गाडीला? एक सांधा आखडलाय. सांधा आखडला म्हणून मी पेशंट बदलून मागते का?”

“प्रश्न सांध्याचा नाही, प्रश्न प्रतिष्ठेचा आहे.”

“मग तिला गोळी नाही,” ती म्हणाली आणि घडी कपाटात ठेवून दिली.

आता मला सांगा, सव्वीस वर्षं ज्या माणसाने टाचण्यांपासून ट्रकपर्यंत सगळी खरेदी केली, त्याने स्वतःची गाडी अशी जिन्यातल्या सल्ल्यावर घ्यायची? मी सरळ नवी फाइल उघडली. पांढऱ्या नाडीची, ऑफिसच्याच पद्धतीची, पण स्वतःच्या पैशाने आणलेली. विषय लिहिला: ‘एक उघडी मोटार खरेदी करणेबाबत.’ आणि काय सांगू, विषय लिहिल्याबरोबर जीवाला अशी शांतता वाटली की बास.

पद्धतीप्रमाणे नवीन वस्तू घ्यायच्या आधी जुनी निकामी ठरवावी लागते. त्याची टिपणी मी लिहिली. भाषा माझी चांगली आहे, हे ऑफिसात शत्रूही मान्य करतात. चार पानांत मी सतरा दोष नोंदवले. ‘छप्पर निम्म्यावर उभे राहते. काच पुसणारा दांडा स्वेच्छेने चालतो. डावा दरवाजा आतून उघडत नाही व बाहेरून उघडण्यासाठी खालच्या बाजूस उजव्या पायाने लाथ मारावी लागते. हॉर्न वळताना वाजतो, वाजवल्यास वाजत नाही.’ शेवटी, ‘सबब सदर वाहन ठेवून घेणे म्हणजे अपघातास निमंत्रण होय,’ असं लिहून सही, तारीख, शिक्का. शिक्का म्हणजे मुलीच्या शाळेतल्या वेळचा, त्यावर ससा होता. पण शिक्का तो शिक्का. एक प्रत फाइलला लावली आणि एक, नियमाप्रमाणे, वाहनासोबत गाडीच्या खणात ठेवली.

पुढचं पाऊल म्हणजे तीन दरपत्रकं. दोन तर होती, म्हणजे दोन शोरूम होत्या. तिसरं कुठून आणायचं? इथे बाहेरच्या माणसाला एक गोष्ट समजावून सांगायला हवी. तिसरं दरपत्रक हे घेण्यासाठी नसतंच. फोटोत माणसं कमी दिसू नयेत म्हणून लांबच्या चुलत भावाला कडेला उभं करतात, तसं ते असतं. त्याच्यात दम नसावा, एवढी काळजी फक्त घ्यावी लागते. मी खूप विचार केला आणि आमच्या कोपऱ्यावरच्या गॅरेजमधल्या म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. म्हटलं, “मिस्त्री, याच गाडीचं छप्पर दुरुस्त करायचं दरपत्रक द्या.”

मिस्त्री गाडीखालून बाहेर आले. “म्हणजे दुरुस्त करायचंय?”

“नाही हो. नुसतं दरपत्रक.”

“दुरुस्त नाही करायचं?”

“नाही.”

“मग भाव कसला सांगू?” मिस्त्री म्हणाले. पण माणूस भला. त्यांनी चष्मा लावला, छपराखाली डोकं घालून चांगला अर्धा तास खाटखूट केली, भिंतीवरच्या कॅलेंडरचं गेल्या महिन्याचं पान फाडलं आणि त्याच्या पाठीवर सगळं लिहून दिलं. कोणता तुकडा, कोणती तार, किती दिवस, किती पैसे, एक वर्षाची हमी. खाली सही आणि शेजारी काळ्या ग्रीसचा अंगठा. मला त्यांची कीव आली. एवढं मन लावून कोणी तिसरं दरपत्रक लिहितं का?

मग शोरूम. पहिल्या दिवशी आपल्या गाडीच्याच कंपनीची. गुळगुळीत फरशी, गुळगुळीत विक्रेता. “सर, तुम्ही आमच्या कुटुंबातलेच. तुम्हाला जुन्या गाडीचा असा भाव देतो की तुम्हीच लाजाल.” मी लाजायच्या तयारीनेच गेलो होतो. तो गाडीभोवती फिरला, मान डोलावली, “मेन्टेन छान केलीय,” म्हणाला, आणि कागदपत्रं बघायला खण उघडला. मला तेव्हा आठवलं. पण तोवर त्याने वाचायला सुरुवात केली होती, आणि मोठ्याने. दुसऱ्या परिच्छेदापर्यंत आणखी तीन विक्रेते आणि फरशी पुसणाऱ्या बाई जमा झाल्या. लाथेच्या कलमापाशी बाई म्हणाल्या, “अगं बाई!”

“हे कोणी लिहिलंय सर?”

“मी.”

“आमचा तपासनीस एवढं शोधत नाही हो. पाच-सहा सापडले की तो चहाला जातो.” मग त्याने जुन्या गाडीचा जो भाव सांगितला तो ऐकून मी खरोखरच लाजलो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बायको बाजूच्या खुर्चीवर मासिक चाळत होती. तिने मासिक तोंडापुढे धरलं, पण मासिक हलत होतं.

दुसऱ्या दिवशी दुसरी शोरूम. तिथे मी शहाणपणाने टिपणी घरी ठेवली. गाडी काय देखणी होती, म्हणून सांगू! मी आत बसलो. बसलो म्हणण्यापेक्षा उतरलो, विहिरीत उतरतात तसा. विक्रेतीने बटण दाबलं आणि म्हणाली, “आता बघा, फक्त नऊ सेकंद!” छप्पर उचललं गेलं. आणि इथे माझा घात झाला. दोन वर्षं मी रोज छपराला हाताने रेटतोय. छप्पर हललं की माझा हात आपोआप वर जातो, त्यात माझा दोष नाही. हात गेला. छपराला वाटलं मधे माणूस आहे आणि ते जागीच थांबलं. निम्म्यावर. उभं.

विक्रेतीने बटण दाबलं. मग तिच्या साहेबांनी दाबलं. मग आतून एक निळ्या कपड्यातला माणूस वायर घेऊन आला. नवी कोरी गाडी शोरूमच्या मधोमध बाबागाडीसारखी उभी आणि आत मी. बाहेर रस्त्यावर लोक काचेला नाक लावून बघायला लागले. तशात मला उठता येईना. प्राचार्यांची आठवण आली आणि जास्तच संताप आला. शेवटी दोघांनी दोन बगलांना धरून मला वर काढलं. बायको शांतपणे म्हणाली, “गुडघ्याखाली हात घाला, पाठीला नको. हं. आता उचला.” मेट्रन कुठेही गेली तरी मेट्रनच. शोरूमचे साहेब घामाघूम होऊन म्हणाले, “दरपत्रक आम्ही घरी पाठवतो, तुम्ही परत येण्याची अजिबात तसदी घेऊ नका.”

तरी मी खचलो नाही. माझं मत बारा सेकंदवालीकडे होतं की नऊवालीकडे, हे मला तेव्हाही ठरवता येत नव्हतं आणि म्हणूनच पद्धत असते. रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर समिती बसली. अध्यक्ष मी, सदस्य बायको, आणि तटस्थ सदस्य म्हणून प्राचार्य. तटस्थ सदस्य हवाच, नाहीतर उद्या कोणी बोट दाखवायचं. प्राचार्य इस्त्रीचा शर्ट घालून, स्वतःचं पेन घेऊन आले. मी तीन पाकिटं मधोमध ठेवली.

पहिलं पाकीट, आपलीच कंपनी. प्राचार्यांनी भिंग काढून तळटीप वाचली. “‘किंमत पूर्वसूचनेशिवाय बदलू शकते.’ हे सशर्त झालं. सशर्त दरपत्रक बाद ना हो?”

“तसं... हो. पण ते सगळेच लिहितात.”

“बाद,” प्राचार्य म्हणाले आणि लाल शाईने फुली मारली.

दुसरं पाकीट, नऊ सेकंदवाली. आत सुंदर जाड कागद, सोनेरी अक्षरं, गाडीचं चित्र. फक्त सही नव्हती. बहुतेक मला घाईघाईने वाटेला लावण्याच्या गडबडीत राहिली.

“सही नाही,” प्राचार्य म्हणाले.

“किरकोळ त्रुटी आहे. मी फोन करून मागवतो.”

प्राचार्यांनी पेन खाली ठेवलं. “तीन वर्षांपूर्वी,” ते सावकाश म्हणाले, “माझ्या भाच्याने तुमच्या ऑफिसात खुर्च्यांचं दरपत्रक दिलं होतं. सगळ्यात स्वस्त होतं. शिक्का राहिला होता. मी तुमच्याकडे खाली आलो होतो. जिन्यात उभं राहून मी म्हटलं, किरकोळ त्रुटी आहे, तो तासाभरात आणून देतो. तुम्ही काय म्हणालात?”

मला आठवत होतं. मी म्हणालो होतो, ‘प्राचार्य, नियम म्हणजे नियम.’ आणि वर ‘कॉलेजात तुम्ही हेच शिकवलं असेल ना?’ असंही म्हणालो होतो.

“बाद,” प्राचार्य म्हणाले आणि फुली मारली. तीन वर्षं हा माणूस वर बसून वाट बघत होता.

राहिलं कॅलेंडरचं पान. प्राचार्यांनी ते उलटसुलट पाहिलं. तपशील पूर्ण, अट नाही, सही आहे, अंगठा आहे, हमी आहे. “एकमेव पात्र दरपत्रक. मंजूर करायला हरकत नाही. मेट्रनबाई?”

“माझी काहीच हरकत नाही,” बायको म्हणाली.

“तिसरं कधी मंजूर होतं का?” मी ओरडलो. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. “तिसरं घ्यायचं नसतं! ते नुसतं लावायचं असतं! जगात कुठेही जा, तिसऱ्याला कोणी घेत नाही. चार वेळा! चार वेळा माझं नाव गेलं, आणि चारही वेळा मला माहीत होतं की ते नुसतं लावलंय. आणि तरी मी दर वेळी निकालाच्या दिवशी नवा शर्ट घालून गेलो!”

प्राचार्य पेनाचं टोपण लावत आणि काढत बसले. मला आधी लाज वाटली आणि मग खूप वाईट वाटलं, गाडीचं नाही, त्या नव्या शर्टांचं. बायकोने कॅलेंडरचं पान माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाली, “म्हणूनच म्हणते. एकदा तरी जिंकू दे की त्याला.”

मी सही केली.

मिस्त्रींकडे गेलो तर त्यांचा विश्वासच बसेना. “खरंच करायचंय? की परत नुसतं?” असं तीनदा विचारलं त्यांनी. चार दिवसांत छप्पर झालं. एक्केचाळीस सेकंद लागतात, मी मोजलेत, पण पूर्ण जातं.

संमेलनाच्या दिवशी आम्ही दोघं आवारात शिरलो तेव्हा सगळं ऑफिस पायऱ्यांवर उभं होतं. जुनीच लाल गाडी बघून कँटीनवाल्यापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळ्यांच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. मी बटण दाबलं. छप्पर उठलं, निम्म्यावर आलं. कोणीतरी “ढकला रे!” म्हणालं. पण ते थांबलं नाही, हळूहळू मागे गेलं आणि घडी होऊन गुपचूप बसलं. पायऱ्यांवर चक्क टाळ्या पडल्या. धाकटे साहेब धावत आले. “वा काका! नवी घेणार होतात ना?”

“तिसरं दरपत्रक मंजूर झालं,” मी म्हटलं.

ते हसले. त्यांना वाटलं मी विनोद केला. मग त्यांनी अदबीने बायकोच्या बाजूचा दरवाजा ओढला. दरवाजा हलला नाही. मंजुरी फक्त छपराची होती, बाकीचे सोळा दोष त्या दरपत्रकात नव्हतेच. मी बसल्या जागेवरून सांगितलं, “साहेब, खालच्या बाजूस, उजव्या पायाने.”

“काय?”

“लाथ. जरा जोरात.”

मोठे साहेब बघत होते. धाकट्या साहेबांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि मारली. दरवाजा उघडला. बायको उतरली, पदर सावरला आणि “थँक यू हं,” म्हणाली. इतकं बरं मला गेल्या कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

सोमवारी टेबलावर पंख्यांच्या खरेदीची फाइल आली. तीन पाकिटं. पहिलं ठरलेल्या माणसाचं, दुसरं त्याच्याच मेव्हण्याचं, तिसरं एका छोट्या दुकानाचं, जे गेली पंधरा वर्षं आमच्या प्रत्येक फाइलला लावलेलं असतं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मी तिसरं पाकीट आधी फोडलं.

आत कोरा कागद होता. नीट घडी घातलेला, खाली सही, शिक्का. वर काहीच नाही.

मी बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसलो. समोर माझंच ‘मागीलप्रमाणे’ दिसायला लागलं. मग जे नियमात अजिबात बसत नाही ते मी केलं, पाकिटावरच्या नंबरला फोन लावला. “अहो, पंख्यांचं दरपत्रक आलंय तुमचं. त्यात भाव लिहायचा राहिलाय. लिहून पाठवा. यावेळी मी वाचणार आहे.”

पलीकडून दुकानदार अगदी नम्रपणे म्हणाला, “साहेब, चुकून आम्हाला लागला वाटतं फोन. पहिल्या नंबरवाल्यांचा फोन नंबर देऊ का?”